विमान सोडणारा माणूस : नळदुर्गाचे आकाश आणि डिस्पॅचरची शाळा

१३ सप्टेंबर १९४८. सोलापूरहून निघालेली भारतीय सैन्याची ७ वी ब्रिगेड नळदुर्गाजवळ बोरी नदीवरच्या पुलाशी पोहोचली. चाल इतकी वेगवान आणि अनपेक्षित होती की पूल शाबूत हाती आला. किल्ल्याच्या परिसरात निजामाची पहिली हैदराबाद इन्फंट्री होती. ती मागे हटली. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती दल जळकोटला होते आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात.

दुसऱ्या दिवशी उमरग्याच्या पुढे, राजेश्वरच्या वाटेवर, हवाई टेहळणीत दबा धरून बसलेली ठाणी दिसली. टेम्पेस्ट विमाने बोलावण्यात आली, त्यांनी ती ठाणी मोडली आणि रस्ता मोकळा झाला. १७ सप्टेंबरला हैदराबादने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्तिसंग्रामाची ही जमिनीवरची बाजू नळदुर्ग परिसरात नातवंडांनाही पाठ असते. आकाशातली बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते, आणि आजच्या एका पेशाचा धडा त्या बाजूतच दडलेला आहे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून हैदराबाद संस्थानाच्या आकाशात रात्री काही विमाने गुपचूप येत होती. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकास्ट्रियन विमानांत शस्त्रे भरून बीदर आणि वरंगळ येथे उतरवत असे. दुसऱ्या महायुद्धात हवाई छायाचित्रणाच्या तंत्रात नाव कमावलेला हा माणूस; पुढे याच शस्त्रवाहतुकीबद्दल ब्रिटनमध्ये त्याच्यावर खटला चालला आणि २०० पौंडांचा दंड झाला. इतक्या उद्योगाला एवढाच दंड, हे आज वाचताना विनोदीच वाटते.

कॉटनचे धाडस क्षणभर बाजूला ठेवून त्या उड्डाणांकडे पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. चोरट्या विमानाला उघडपणे हवामान विचारता येत नाही. बीदरवर ढग उतरले तर पर्यायी धावपट्टी कोणती, हे कोणत्याही सरकारी कचेरीला कळवता येत नाही. विमानाला उशीर झाला तर त्याची चौकशी करणारा माणूसही कोठे बसलेला नसतो. नागरी विमानसेवेत हे सगळे जो करतो, त्याला फ्लाइट डिस्पॅचर म्हणतात. तो विमानात बसत नाही. पण मार्ग, इंधन, वजन, हवामान आणि पर्यायी विमानतळ यांचा हिशेब मांडून, 'हे उड्डाण आता निघू शकते' असे लिहून देणारा तोच.

'डिस्पॅचर' हा शब्द विमानांच्या आधी रेल्वेचा. १८५१ मध्ये अमेरिकेतल्या एरी रेल्वेवर चार्ल्स मायनॉट या अधीक्षकाने तारेने आदेश पाठवून गाडी पुढे सोडली. तोवर एकेरी रुळावर समोरच्या गाडीची वाट पाहत ताटकळणे एवढेच चालकाच्या हाती असे. दूर बसलेल्या माणसाला दोन्ही गाड्या 'दिसतात' आणि चालकाला एकच, हे तेव्हा प्रथम कामाला आले. विमानांनी हीच कल्पना उचलली, पण बरीच उशिरा, आणि माणसे गमावल्यानंतर.

आरंभी सगळा भार वैमानिकावर होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, तेव्हा रेडिओ नव्हता आणि वाटेत विचारपूस करणारे कोणी नव्हते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून सेवेचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ पासून पुण्यातच होते, हा योगायोग मोठा सोयीचा. तरीही खात्याचा अंदाज आणि वैमानिकाचा निर्णय यांच्यामध्ये बसून दोन्ही जुळवणारा स्वतंत्र, जबाबदार माणूस अजून घडायचा होता.

तो घडला अमेरिकेत. ६ मे १९३५ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे डीसी-२ विमान कॅन्सस सिटीकडे जात होते. तेथील हवामान उतरण्याच्या मर्यादेखाली गेले. विमानाचा रेडिओ रात्रीच्या वारंवारितेवर नीट चालत नव्हता आणि इंधन संपत आले होते. दुसऱ्या धावपट्टीकडे वळताना विमान मिसूरी राज्यात एका शेतात कोसळले. पाच जण मृत्युमुखी पडले. त्यांत सिनेटर ब्रॉन्सन कटिंग होते. सिनेटर गेल्यामुळे चौकशी दडपणे कोणालाच शक्य नव्हते. सरकारी अहवालाने हवामानाचा अंदाज चुकवणाऱ्यांबरोबर वैमानिक आणि कंपनीचे जमिनीवरचे कर्मचारी यांच्यावरही बोट ठेवले. सिनेटच्या समितीने मात्र खुद्द सरकारी यंत्रणेलाच धारेवर धरले.

या वादाच्या शेवटी १९३८ चा नागरी विमानवाहतूक कायदा आला आणि त्याच्या पाठोपाठ डिस्पॅचर हा परवानाधारक पेशा झाला. अमेरिकेच्या नियमात आजही नियमित देशांतर्गत उड्डाणाची जबाबदारी कप्तान आणि डिस्पॅचर यांची संयुक्त असते. दोघांपैकी एकाने नकार दिला तर विमान निघत नाही. कारकुनी वाटणाऱ्या या कामाच्या सहीला एवढे वजन आहे. म्हणूनच ही सही करायला कोण शिकवतो, हा प्रश्न साधा नाही.

१९४८ या वर्षाकडे पुन्हा येऊ. १४ एप्रिलला आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने कर्मचाऱ्यांच्या परवान्यांविषयीचे परिशिष्ट १ स्वीकारले. आज त्याच परिशिष्टात फ्लाइट ऑपरेशन्स ऑफिसर, म्हणजेच डिस्पॅचर, याच्या परवान्यासाठी किमान वय २१ वर्षे, विषयांचे ज्ञान आणि अनुभव यांच्या अटी आहेत. भारतात त्याच वर्षी अलाहाबादजवळच्या बमरौली येथे नागरी विमानवाहतूक प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. बोरीचा पूल भारतीय सैन्याच्या हाती आला, तेव्हा नव्या देशाच्या विमानविद्येची सरकारी शाळा जेमतेम रांगत होती.

नळदुर्गच्या मुलाला त्या काळी अलाहाबादपेक्षा हैदराबाद जवळचे होते. राज्यही तेच आणि रस्ताही तोच. बेगमपेठला विमानतळ होता. बाबर मिर्झा यांनी १९३६ मध्ये तेथे एअरो क्लब काढला होता. १९४५ मध्ये निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज स्थापन झाली. प्रेम माथुर या भारतातल्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक. अनेक कंपन्यांनी नाकारल्यावर त्यांना याच डेक्कन एअरवेजने नोकरी दिली. परवाना हाती असणे आणि नोकरी हाती येणे यांत केवढे अंतर असते, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

पण एअरो क्लब उडायला शिकवी. विमान सोडण्याचे काम कंपनीच्या कचेरीतच शिकले जाई : जुन्या माणसाशेजारी बसून, हवामानाचे तक्ते उतरवत, वजनाची बेरीज पुन्हा पुन्हा तपासत.

या कचेरीतल्या कामाची सर्वांत मोठी परीक्षा नागपुरात झाली. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून डाकोटा विमाने रात्री निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. नकाशाच्या मध्यावर असण्याचा असा फायदा नागपूरने दुसऱ्या कोणत्या काळात घेतला असेल, ते सांगणे कठीण.

आता जमिनीवरून विचार करा. चार दिशांना चार हवामाने. मद्रासचे विमान वादळाने अडले तर बाकीच्या तिघांनी किती वेळ थांबायचे? थांबले तर मुंबईत पहाटे धुके असेल का? एखाद्या विमानात थैल्या जास्त आल्या तर इंधन कमी करायचे की थैल्या मागे ठेवायच्या? हे प्रश्न दर रात्री सोडवावे लागत. ही सेवा १९७३ पर्यंत चालली. डिस्पॅचच्या अभ्यासक्रमात आज जे विषय वेगवेगळे शिकवतात, हवामान, वजन आणि समतोल, इंधननियोजन, पर्यायी विमानतळ, ते सगळे नागपूरच्या त्या मध्यरात्रीत एकाच टेबलावर असत.

१ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण झाले. डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या विलीन होऊन इंडियन एअरलाइन्स निर्माण झाली आणि पुढे तिचे मध्यवर्ती प्रशिक्षण केंद्र हैदराबादलाच होते. राज्याची सीमा बदलली, नळदुर्ग महाराष्ट्रात आले, तरी विमानविद्येचा रस्ता पुन्हा पूर्वेलाच जाई. आणि ती विद्याही कंपनीच्या आतच शिकवली जाई : आधी नोकरी, मग वर्ग. आज क्रम उलटला आहे. आधी शुल्क, मग वर्ग, आणि नोकरी झालीच तर शेवटी. या उलटलेल्या क्रमामुळे शाळेची निवड हा घरच्या जमाखर्चाचा प्रश्न होऊन बसला.

नळदुर्गहून चौकशीला निघालेल्या विद्यार्थ्यापुढे पहिला गोंधळ उभा राहतो तो शाळेच्या प्रकाराचा. बारामती आणि गोंदिया येथे विमान उडवण्याचे शिक्षण मिळते, पण ते वैमानिकाचे. विमानतळावर प्रवाशांची आणि सामानाची व्यवस्था शिकवणारे अभ्यासक्रम शहरोशहरी आहेत. त्यांच्या पत्रकावरही कधी 'डिस्पॅच' हा शब्द असतो. भारतात हा शब्द फसवा आहे. विमानाशेजारी उभे राहून सामान आणि कागद वेळेत पोहोचवण्याच्या कामालाही काही ठिकाणी तेच नाव आहे. ते काम हलके अजिबात नाही, पण उड्डाणाच्या निर्णयाची सही त्यात नाही.

दुसरा गोंधळ कागदाचा. अमेरिकी डिस्पॅचर प्रमाणपत्रासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम किमान २०० तासांचा असतो. लेखी परीक्षेत ८० प्रश्न आणि उत्तीर्णतेला ७० टक्के गुण. परीक्षा २१ व्या वर्षी देता येते, पण प्रमाणपत्र २३ पूर्ण झाल्यावरच हाती पडते. त्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि तीच खरी कसोटी. बारावीनंतर लगेच त्या वर्गाचे शुल्क भरणाऱ्याने आपले वय आधी मोजावे, हे कोणत्याही पत्रकात ठळक अक्षरांत छापलेले नसते.

शिवाय हे प्रमाणपत्र भारतीय कंपनीत आपोआप चालत नाही. भारतात डिस्पॅचरला नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मान्यता लागते, आणि ती विमान कंपनीत राहून, ठरलेले प्रशिक्षण व तोंडी परीक्षा पार करून मिळते. म्हणजे जुनी कचेरीची शाळा पूर्णपणे संपलेली नाही. बाहेरची संस्था पाया घालू शकते; सहीचा अधिकार मात्र कंपनीच्या दारातूनच येतो. जी संस्था हे स्वतःहून सांगते ती निदान विचारात घेण्याजोगी. जी 'आमच्याकडून थेट परवाना' म्हणते, तिला परवाना कोणत्या देशाचा आणि कोणत्या नियमाखालचा, हे लेखी मागावे.

तिसरी चौकशी शिकवणाऱ्याची. त्याने स्वतः किती उड्डाणे सोडली? आजच्या हवामानाचे खरे अहवाल घेऊन वर्गात उड्डाणाचा आराखडा करून घेतला जातो, की गेल्या वर्षीच्या प्रश्नसंचांची घोकंपट्टी होते? मागच्या तुकडीतले किती जण आज प्रत्यक्ष ऑपरेशन्स विभागात आहेत? प्रश्न साधेच आहेत, पण अर्ध्याअधिक पत्रकांचा रंग तेवढ्यानेच उतरतो.

शिक्षकाला पारखण्यासाठी नळदुर्गच्या विद्यार्थ्याला हाताशी एक उत्तम उदाहरण आहे, पंचेचाळीसएक किलोमीटरवरचे. सोलापूर विमानतळाच्या वाटेत श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची नव्वदएक मीटर उंचीची चिमणी होती. अनेक वर्षे वाद झाले. सभासद शेतकऱ्यांना ऊस गाळपाची चिंता होती, शहराला विमानाची ओढ. अखेर १५ जून २०२३ रोजी ती पाडली गेली आणि ९ जून २०२५ पासून गोव्याची विमानसेवा सुरू झाली.

त्या चिमणीचा प्रश्न डिस्पॅचरच्या टेबलावर असा दिसतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. अशा दुपारी, एक इंजिन बंद पडले असे गृहीत धरूनही, विमानाने समोरचा अडथळा ठरावीक अंतर राखून ओलांडला पाहिजे. आकडा जुळत नसेल तर वजन उतरवावे लागते. इंधन उतरवले तर पर्यायी विमानतळ गाठता येईल का, ते पाहावे लागते; तेही जमत नसेल तर प्रवासी किंवा सामान मागे राहते. नाहीतर उड्डाण पहाटेच्या गारव्यात ढकलायचे.

प्रवेश घेण्यापूर्वी त्या शिक्षकासमोर हा हिशेब ठेवावा : चिमणी उभी आहे, तापमान ४२, सगळ्या जागा भरलेल्या, किती वजन उचलता येईल आणि ते कोणत्या तक्त्यावरून काढायचे? जो कागद ओढून धावपट्टीची लांबी, वारा आणि विमानाचा प्रकार विचारू लागतो, त्याच्या वर्गाचे वेळापत्रक मागून घ्यावे.