रुमालाखालचा भाव

शेतकऱ्याला न्याय्य भाव द्यायचा म्हणजे गिऱ्हाइकाने दोन पैसे जास्त मोजायचे, अशी समजूत ‘फेअर ट्रेड’च्या शिक्क्यामुळे रूढ झाली आहे. पण भाव किती मिळाला याइतकेच तो कसा ठरला हेही पाहावे लागते. जुन्या बाजारांत हत्ता पद्धतीने सौदा होई. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटे दाबत आणि मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्याला आकडा कळत नसे. पुढे वजनात कडता, म्हणजे ठरावीक घट, धरला जाई. विक्रीच्या हिशेबपट्टीतून अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय कापले जाई. सौदा चढ्या भावाने झाला तरी शेवटी हाती काय पडणार, हे शेतकऱ्याला आधी सांगता येत नसे.

या अंधारावर पहिला कायदेशीर इलाज वऱ्हाडात झाला. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ च्या वऱ्हाडच्या कायद्याने बाजाराची जागा, देखरेखीची समिती, दलाल व मापारी यांचे परवाने ठरवून दिले. यावर कोणी म्हणेल, इंग्रजांना कळवळा मँचेस्टरच्या गिरण्यांचा होता, कुणब्याचा नव्हे. खरेच आहे; गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त दरात हवा होता. परंतु हेतू कोणताही असो, नियम कागदावर आला की तो मोडल्याची तक्रार करता येते. निव्वळ रूढीविरुद्ध दाद मागायची कुठे? म्हणूनच १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने असे बाजार इतर प्रांतांतही उभारावेत अशी शिफारस केली आणि मुंबई इलाख्यात १९३९ चा कायदा आला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याचे पीक शेतात उभे असतानाच सावकाराकडे गुंतले, त्याला उघड्या लिलावाचा काय उपयोग? नियमाने आकडा दिसतो, पण तो नाकारण्याची ऐपत येत नाही. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या कॉफीवर ‘मॅक्स हावेलार’चा शिक्का बसला. त्या शिक्क्यातून वाढलेल्या ‘फेअर ट्रेड’ व्यवस्थेत किमान भावाबरोबर उत्पादकांच्या संघाला मागणीनुसार आगाऊ रक्कम देण्याची अटही आहे, ती याच दुखण्यावर. अर्थात शिक्क्याखाली खपतो तेवढ्याच मालाला हे संरक्षण. उरलेला माल नेहमीच्याच बाजारात जातो. म्हणून गिऱ्हाइकाच्या सदिच्छेला बाजार समितीचा पर्याय मानणे चूक ठरेल. शिक्का काही शेतकऱ्यांना थांबण्याचे बळ देतो. उघडा लिलाव, चोख माप आणि वेळेवर कर्ज मात्र सगळ्यांनाच लागते.