मास्टर सिलिंडर, मोटरसायकलचा : ब्रेक व क्लचसाठी बदल

हाताच्या किंवा पायाच्या जोराचे द्रवाच्या दाबात रूपांतर करणारा छोटा पंप. पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर हँडलच्या उजव्या टोकाला, मागच्या ब्रेकचा पायाजवळ, तर द्रवावर चालणारा क्लच असलेल्या गाड्यांवर क्लचचा डाव्या टोकाला असतो. कारखान्यातून आलेला सिलिंडर काढून वेगळ्या व्यासाचा किंवा वेगळ्या रचनेचा बसवणे हा मोटरसायकलवर वारंवार केला जाणारा बदल आहे. मोठा सिलिंडर म्हणजे जोरदार ब्रेक, ही त्यामागची सर्वसाधारण समजूत. ती चुकीची आहे आणि धोक्याचीही.

मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या मोटरसायकलींत द्रवचालित डिस्क ब्रेक पहिल्यांदा आला तो 1969 च्या होंडा सीबी 750 वर, आणि तिचा मास्टर सिलिंडर हँडलवरच होता. बीएमडब्ल्यूने मात्र 1970 च्या दशकातील आपल्या बॉक्सर गाड्यांत तो पेट्रोलच्या टाकीखाली लपवला होता. लिव्हरपासून तिथपर्यंत वायर जात असे. पडझडीत सिलिंडर सुरक्षित राही, पण वायरच्या ताणामुळे ब्रेकचा अंदाज हाताला नीट मिळत नसे. 1981 च्या गाड्यांपासून कंपनीने तो हँडलवर आणला. जुन्या बॉक्सर जपणारे आजही हा बदल आपल्या गाड्यांवर करून घेतात.

नळकांड्यात एक दट्ट्या, त्यावर दोन रबरी सील आणि मागे ढकलणारी स्प्रिंग, एवढाच याचा संसार. वर ब्रेक ऑइलची वाटी असते आणि तिच्या तळातून नळकांड्यात बारीक छिद्रे उतरतात. लिव्हर दाबताच पुढचा सील छिद्र ओलांडतो, वाटीशी असलेला संबंध तुटतो आणि दाब तयार होऊ लागतो. लिव्हर सोडला की छिद्र पुन्हा उघडते. गरम होऊन फुगलेले ऑइल वाटीत परतते आणि ब्रेक पॅड झिजल्यामुळे कमी पडलेले ऑइल खाली येते.

बदलाचे सगळे गणित पास्कलच्या नियमावर उभे आहे. लिव्हरने दट्ट्यावर दिलेला जोर भागिले दट्ट्याचे क्षेत्रफळ, तेवढा दाब. म्हणजे दट्ट्या जेवढा मोठा, तेवढा त्याच जोराला दाब कमी. 1994 साली आलेल्या डुकाटी 916 चे उदाहरण घेऊ. तिला पुढे दोन डिस्क, प्रत्येकीवर ब्रेंबो कंपनीचा चार दट्ट्यांचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग (दट्टे 34 आणि 30 मिमी व्यासाच्या जोड्यांत), आणि 16 मिमीचा मास्टर सिलिंडर. कॅलिपरच्या एका बाजूचे दट्टे धरले तर दोन्ही कॅलिपरचे मिळून क्षेत्रफळ मास्टरच्या सुमारे 16 पट भरते. लिव्हरची रचना तीच ठेवून 19 मिमीचा दट्ट्या घातला, तर हे प्रमाण 11.4 वर येते. बोटांचा जोर तेवढाच, पण दाब सुमारे 29 टक्क्यांनी कमी. लिव्हरचा प्रवासही तेवढाच घटतो, त्यामुळे लिव्हर कडक लागतो आणि चालवणाऱ्याला वाटते की ब्रेक सुधारला. पावसात, घाबरून ब्रेक मारताना, थकलेल्या बोटांना हा कमी पडलेला दाब जाणवतो. उलट दट्ट्या फार लहान घेतला, तर जोर कमी लागतो पण लिव्हर हँडलला टेकेपर्यंत आत येतो. या दोन टोकांमध्ये आपल्या कॅलिपरला जुळणारी जागा शोधणे हेच खरे काम आहे.

दुसरा घटक लिव्हरचा. जुन्या, अक्षीय प्रकारात दट्ट्या हँडलला समांतर पहुडलेला असतो आणि लिव्हरचे नाक त्याला आडवे ढकलते. जोराची दिशा वळते आणि काही भाग घर्षणात जातो. रेडियल प्रकारात दट्ट्या हँडलशी काटकोनात असतो, लिव्हर जातो त्याच दिशेला दट्ट्या जातो. हाताला मिळणारा अंदाज त्यामुळे बराच बारीक होतो, आणि माझ्या मते हा बदल करण्याचे हेच सर्वांत प्रामाणिक कारण आहे. रेडियल सिलिंडरवर 19×18 असे आकडे लिहिलेले असतात : पहिला दट्ट्याचा व्यास, दुसरा लिव्हरच्या खिळीपासून दट्ट्याला ढकलणाऱ्या दांडीपर्यंतचे अंतर, दोन्ही मिमीत. दुसरा आकडा लहान तेवढी तरफेची शक्ती जास्त आणि प्रवास लांब. ब्रेंबोच्या आरसीएस मालिकेत हे अंतर एक स्क्रू फिरवून 18 किंवा 20 करता येते. एका डिस्कसाठी साधारण 14 ते 15 मिमी, दोन डिस्कसाठी 17 ते 19 मिमी, असा निवडीचा ढोबळ कल असतो.

क्लचला अजून एक अट आहे. तिथे दुसऱ्या टोकाच्या स्लेव्ह सिलिंडरने ठरावीक अंतर सरकलेच पाहिजे, नाहीतर प्लेटा पूर्ण सुटत नाहीत, न्यूट्रल सापडत नाही आणि गिअर खडखडतो. 1990 च्या दशकातल्या डुकाटींच्या कोरड्या क्लचचा लिव्हर जड, म्हणून मालक मोठ्या व्यासाचा स्लेव्ह बसवत आले आहेत. हाताला हलके वाटते, पण स्लेव्हचा प्रवास घटतो. त्यावर मास्टरही लहान केला, तर नुकसान दुहेरी : 13 ऐवजी 12 मिमीचा मास्टर एकटाच प्रवास 15 टक्क्यांनी खाली आणतो. दोन्हींपैकी एकच बदलावा. भारतातल्या बहुतेक गाड्यांचा क्लच वायरवर चालतो. त्यांना नुसता मास्टर लावून उपयोग नाही, स्लेव्हसह पूर्ण संच लागतो.

बसवताना सर्वांत जास्त जीव लिव्हरच्या मोकळ्या खेळात अडकलेला असतो. लिव्हर सोडल्यावर दांडी आणि दट्ट्या यांच्यात किंचित फट हवी. बाजारातला हुबेहूब न जुळणारा लिव्हर दट्ट्याला जरासा दाबून ठेवतो, वाटीचे छिद्र झाकलेले राहते, तापलेल्या ऑइलला परतायला वाट मिळत नाही आणि काही किलोमीटरनंतर ब्रेक आपोआप जॅम होतो. ऑइलचा पाइप सिलिंडरला जोडणाऱ्या पोकळ बॅन्जो बोल्टचे आटेही तपासावेत : जपानी गाड्यांत बहुधा 10×1.25, ब्रेंबोत 10×1. दोन्ही हाताने थोडे फिरतात, पण चुकीचा बोल्ट पान्याने आवळला तर आटे जातात. कॉपर वॉशर दर वेळी नवे. ब्रेक दिव्याचा आणि क्लचचा स्विच नव्या सिलिंडरवर बसतो का, हेही आधीच पाहावे. मागचा दिवा न लागणारी गाडी रस्त्यावर काढू नये.

डॉट 3, डॉट 4 व डॉट 5.1 ही ऑइले हवेतली ओल शोषतात. कोऱ्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, ओल मुरल्यावरची किमान मर्यादा 155 वर येते. सिलिकॉनचे डॉट 5 यांत मिसळू नये. काही केटीएम गाड्यांच्या मागुरा क्लचला खनिज तेल लागते. त्यात डॉट 4 ओतले तर सील खराब होतात. झाकणावर लिहिलेले वाचूनच ओतावे.

भारतात एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे. त्याची रचना मूळ सिलिंडरच्या दाबाला आणि ऑइलच्या प्रमाणाला जुळवलेली असते, म्हणून अशा गाडीवर मूळ व्यास बदलू नये. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ड्यूकवर ब्रेंबोच्याच बायब्रे या ब्रँडचे ब्रेक असतात, आणि अशा गाडीचा ब्रेक मऊ पडला तर आधी ऑइल, रबरी पाइप आणि सीलचा किट बदलून पाहावा. बऱ्याचदा तेवढ्याने काम भागते. नवा सिलिंडर बसवलाच, तर हवा काढून झाल्यावर लिव्हर जोरात धरून ठेवावा व तो हळूहळू आत जात नाही ना ते पाहावे, सर्व जोड कोरडे आहेत का ते कापडाने पुसून पाहावे, आणि पहिल्या छोट्या फेरीनंतर चाक उचलून, ब्रेक गरम असतानाच, ते मोकळे फिरते का ते तपासावे.