जंग, अली यावर

(फेब्रुवारी १९०६ – ११ डिसेंबर १९७६). भारतीय राजनयिक, शिक्षणप्रशासक व महाराष्ट्राचे राज्यपाल. कर्णबधिरांच्या शिक्षणावरील लेखनात त्यांचे नाव वारंवार येते ते त्यांचे नाव दिलेल्या, कर्णबधिरांसाठीच्या वांद्र्याच्या राष्ट्रीय संस्थेमुळे. ते स्वतः या विषयाचे तज्ज्ञ नव्हते. हैदराबादच्या बिलग्रामी घराण्याशी आईकडून नाते. उच्च शिक्षण ऑक्सफर्डला. दोनदा उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू. पुढे अर्जेंटिना, इजिप्त, फ्रान्स, अमेरिका आदी देशांत राजदूत. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील कुलगुरुपदाचा काळ (१९६५–६८) वादळी ठरला. त्या काळाच्या मूल्यमापनाबाबत मतभेद आहेत. फेब्रुवारी १९७१ पासून राज्यपाल. पदावर असतानाच मुंबईत निधन. पद्मभूषण (१९५९), पद्मविभूषण (१९७७, मरणोत्तर). मुंबईच्या पश्चिम द्रुतगती महामार्गालाही त्यांचे नाव आहे.

*संस्था :* ९ ऑगस्ट १९८३ रोजी वांद्रे रेक्लमेशन येथे स्थापन. केंद्र शासनाच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था. श्रवणतपासणी, वाचोपचार, श्रवणयंत्रे, विशेष शिक्षकांचे प्रशिक्षण ही मुख्य कामे. मुंबईला कर्णबधिरांच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे : बिशप लिओ मेरिन यांनी काढलेली माझगावची शाळा देशातील पहिली मानतात (स्थापनावर्ष काही नोंदींत १८८४, काहींत १८८५). त्याआधी थोडीच वर्षे, १८८० च्या मिलान परिषदेने हातवाऱ्यांना वर्गाबाहेर काढून ओठवाचन व उच्चार यांवर भर देणारी मौखिक पद्धती उचलून धरली होती. भारतीय शाळाही दीर्घकाळ त्याच वाटेने गेल्या. खुणा केल्या तर मूल बोलायला शिकणार नाही, ही समजूत शिक्षकांत व पालकांतही पक्की होती. या पार्श्वभूमीवर संस्थेत २००१ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे औपचारिक वर्ग सुरू झाले, ही तिच्या वाटचालीतील सर्वांत मोलाची घटना म्हणावी लागेल. त्यातूनच दुभाष्यांच्या प्रशिक्षणाला पद्धतशीर रूप येऊ लागले. या भाषेसाठी दिल्लीत स्वतंत्र केंद्र निघाले ते २०१५ मध्ये.

केंद्र शासनाच्या एडिप (अपंगांना साहाय्यक साधने देण्याच्या) योजनेखाली लहान मुलांवरील कॉक्लियर इम्प्लांट (आंतरकर्णात बसवायचे श्रवणसाधन) शस्त्रक्रियांचे समन्वयनही संस्थेकडे आहे. इम्प्लांट झालेल्या मुलाला सांकेतिक भाषा शिकवावी की नाही, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

*प्रादेशिक केंद्रे :* कोलकाता (१९८४), दिल्ली व सिकंदराबाद (१९८६) येथे निघाली.