सात वर्षं म्हणजे किती वर्षं?

इयरफोन लावलेत? लोकलमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज हिशेबाची गोष्ट आहे. प्रश्न चौथीतल्या पोराला विचारावा इतका सोपा: सात वर्षं म्हणजे किती वर्षं?

तुम्ही म्हणाल, सातच की! पण १९४३ साली हॉलिवूडमध्ये याच प्रश्नावर कोर्टात केस उभी राहिली. ती लावली होती सत्तावीस वर्षांच्या एका नटीनं, ऑलिव्हिया डी हॅविलंडनं. समोर होता वॉर्नर ब्रदर्स हा बलाढ्य स्टुडिओ. ही केस समजून घ्यायची तर आधी हा सगळा कारखाना कसा चालायचा ते बघू.

पगारी तारका

हो, कारखानाच. एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स आणि आरकेओ हे पाच मोठे स्टुडिओ. लेखक, दिग्दर्शक, कॅमेरामन, शिंपी, नट-नट्या, सगळे तिथे पगारावर. सिनेमा काढायचे तेच, वितरण करायचे तेच, आणि मोठ्या शहरांतली मोक्याची थिएटरंही त्यांच्याच मालकीची.

नव्या मुलीला सहसा सात वर्षांचा करार मिळायचा. ऐकायला सरकारी नोकरीसारखं पक्कं वाटतं ना? आता बारीक अक्षरातलं कलम ऐका. दर सहा महिन्यांनी, पुढे दर वर्षानं, करारात एक 'ऑप्शन' यायचा. स्टुडिओला वाटलं तर पगार थोडा वाढवून पुढे ठेवणार, नाही वाटलं तर नारळ. पण मुलीला सोडून जावंसं वाटलं तर? तो ऑप्शन तिच्याकडे नव्हताच. करार सात वर्षांचा, पण बांधलेली फक्त एकच बाजू.

आणि त्या एका जागेसाठी रांग किती! पुढच्या ऑप्शनची तारीख आली की पोटात गोळा. शेजारच्या मेकअप रूममध्ये बसलेली मुलगी मैत्रीण खरी, पण तुमचा पुढचा रोल तिलाही मिळू शकतो हे दोघींना माहीत.

लुसिल लसूर नावाची मुलगी १९२५ साली एमजीएममध्ये आली. पगार आठवड्याला ७५ डॉलर. स्टुडिओला तिचं नाव पसंत पडेना, म्हणून एका सिनेसाप्ताहिकात चक्क स्पर्धा लावली: या मुलीचं बारसं करा! वाचकांनी नाव निवडलं, जोन क्रॉफर्ड. तिला ते अजिबात आवडलं नव्हतं. पण विचारतंय कोण?

तिच्या सुरुवातीच्या कामांतलं एक फार बोलकं आहे. 'लेडी ऑफ द नाइट' या सिनेमात नॉर्मा शिअररची दुहेरी भूमिका होती. दोन्ही नॉर्मा एका फ्रेममध्ये दाखवायच्या, तेव्हा त्यातली एक म्हणून पाठमोरी उभी राहायची जोन. पुढे १९२७ साली नॉर्मानं एमजीएमचा निर्मितीप्रमुख अर्विंग थालबर्ग याच्याशी लग्न केलं. आता जोननं काय समजायचं? चांगली पटकथा आली की ती आधी कोणाच्या घरी जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. या दोघींच्या वैराचे किस्से आजही चवीनं सांगितले जातात. मला मात्र त्यात भांडखोर बायका दिसत नाहीत. एका खुर्चीभोवती दोघींना पळायला लावणारा, आणि गाणं कधी बंद करायचं ते ठरवणारा माणूस दिसतो.

लहान मुलींचीही सुटका नव्हती. १९३६ साली एमजीएमनं 'एव्हरी संडे' ही छोटीशी फिल्म काढली. त्यात दोन पोरी होत्या, दोघी जेमतेम चौदा वर्षांच्या: ज्युडी गारलंड आणि डिॲना डर्बिन. दोघी उत्तम गाणाऱ्या. ज्युडी राहिली, डिॲनाचा ऑप्शन सुटला. मग युनिव्हर्सल स्टुडिओनं डिॲनाला उचललं, आणि पैशाच्या ओढाताणीत असलेल्या त्या स्टुडिओला तिच्या 'थ्री स्मार्ट गर्ल्स'नं हात दिला. म्हणजे 'हरलेली' मुलगी आधी स्टार झाली. आणि 'जिंकलेली' ज्युडी? तिचं खाणं मोजलं जायचं, वजनावर पहारा असायचा, आणि गोळ्यांची सवय याच वयात लागली. ४७ व्या वर्षी ती गेली. डिॲनानं तिशी गाठायच्या आतच सिनेमा सोडला आणि फ्रान्समध्ये निवांत म्हातारी झाली. आता तुम्हीच ठरवा, शर्यत कोण जिंकलं.

बदलीची बदली

आता येऊ ऑलिव्हियाकडे. १९३४ साली लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावर शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' होणार होतं. दिग्दर्शक मॅक्स राइनहार्ट. त्यात हर्मियाची भूमिका होती ग्लोरिया स्टुअर्टकडे. हे नाव ओळखीचं वाटतंय? 'टायटॅनिक'मधली म्हातारी रोझ आठवा, तीच ही! तिला एक बदली नटी होती, आणि त्या बदलीची बदली म्हणजे अठरा वर्षांची ऑलिव्हिया. ऐन वेळी पुढच्या दोघी सिनेमाच्या कामांमुळे निघून गेल्या आणि ही थेट रंगमंचावर. वॉर्नरनं त्याच नाटकाचा सिनेमा केला, तिला घेतलं आणि पुढे तिच्याशी सात वर्षांचा करार केला.

वॉर्नरमध्ये तिला कामं मिळाली, पण कसली? एरल फ्लिननं तलवार फिरवायची आणि हिनं सुंदर दिसत वाट बघायची. चांगला रोल बाहेरून आला. निर्माता डेव्हिड सेल्झनिक 'गॉन विथ द विंड' काढत होता. स्कार्लेटच्या भूमिकेसाठी देशभर शोध चालला होता. शेकडो मुली बघितल्या, तीसेक जणींच्या स्क्रीन टेस्ट घेतल्या, पेपरांना दोन वर्षं पुरेल इतका मसाला मिळाला, आणि शेवटी भूमिका गेली व्हिव्हियन ली या ब्रिटिश नटीकडे. तिचा जन्म आपल्या दार्जिलिंगचा, बरं का! ऑलिव्हियाला हवी होती मेलनीची भूमिका. पण मालक जॅक वॉर्नर सोडायला तयार नव्हता. तेव्हा तिनं त्याच्या बायकोला चहाला बोलावून गळ घातली, आणि मगच परवानगी मिळाली.

अशा उसनवारीत स्टुडिओचा फायदाही असायचा. नटी दुसऱ्याला भाड्यानं द्यायची, भाडं जास्त घ्यायचं, तिला तिचा ठरलेला पगार द्यायचा, आणि मधला फरक खिशात.

मेलनीनं तिला ऑस्करचं नामांकन मिळवून दिलं. परत आली तर पुढ्यात पुन्हा तेच शिळे रोल. ती नाही म्हणू लागली. 'नाही' म्हटलं की स्टुडिओ 'सस्पेन्शन' द्यायचा. म्हणजे पगार बंद, दुसरीकडे काम करायला बंदी, आणि ते दिवस कराराच्या शेवटी जोडायचे. सात वर्षं पूर्ण झाली तेव्हा वॉर्नरनं हिशेब दाखवला: बाई, तुझे अजून सहाएक महिने बाकी आहेत.

पाहिलंत? इथे सात वर्षांची सात राहत नाहीत. जितक्या वेळा 'नाही' म्हणाल तितका करार रबरासारखा लांबणार. हिशेबानं तो कधी संपणारच नाही.

एक हरली, एक गेटवर बसली

तिच्याआधी कोणी लढलं नव्हतं असं नाही. वॉर्नरचीच बेट्टी डेव्हिस १९३६ साली वैतागून इंग्लंडला गेली, तिथे दुसऱ्या निर्मात्याचं काम घेतलं. वॉर्नरनं लंडनच्या कोर्टात खेचलं. आठवड्याला हजारावर डॉलर घेणाऱ्या बाईला कसली आलीय गुलामगिरी, असा वकिलाचा सूर. बेट्टी हरली आणि गुपचूप कामावर परतली.

आणि याच काळात इकडे पुण्यात काय चाललं होतं? प्रभात फिल्म कंपनीतही कलाकार महिन्याच्या पगारावर, कराराला बांधलेले. १९३७ च्या 'कुंकू'त म्हाताऱ्याशी झालेलं लग्न मान्य न करणारी नीरा साकारून शांता आपटे घराघरांत पोचल्या होत्या. १९३९ साली कंपनीशी करारावरून वाद झाला, आणि त्या सरळ प्रभातच्या गेटसमोर उपोषणाला बसल्या! जिथे आज एफटीआयआय आहे, तिथेच. कल्पना करा, पडद्यावरची नायिका फाटकाबाहेर उपाशी बसलीय. पुढे त्यांनी प्रभात सोडली. १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं, १९४१ च्या तमिळ 'सावित्री'त काम केलं. आपण प्रभात रोडवर कॉफी प्यायला जातो, तेव्हा हे उपोषणही आठवावं असं मला वाटतं.

निकाल

ऑलिव्हियाच्या वकिलानं कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यातलं एक जुनं कलम काढलं. व्यक्तीच्या सेवेचा करार सात वर्षांपलीकडे तिच्यावर लादता येत नाही, असं त्यात होतं. वॉर्नर म्हणे, सात वर्षं म्हणजे प्रत्यक्ष कामाची सात वर्षं. ती म्हणे, भिंतीवरच्या कॅलेंडरची सात वर्षं. दरम्यान जॅक वॉर्नरनं इतर स्टुडिओंना कळवून टाकलं की हिला काम देऊ नका. जवळजवळ दोन वर्षं तिला नवं काम मिळालं नाही.

डिसेंबर १९४४ मध्ये अपील कोर्टानं निकाल दिला: सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. बस्स. पुढे तिला दोन ऑस्कर मिळाले, 'टू ईच हिज ओन' आणि 'द एअरेस'साठी. २०२० साली १०४ व्या वर्षी ती गेली. तिकडे हा नियम आजही तिच्या नावानं ओळखला जातो, आणि गायक-संगीतकारही त्याचा आधार घेतात.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. करार मोडायला आधी करार मिळायला हवा. 'द गुड अर्थ'च्या वेळी चिनी वंशाच्या ॲना मे वाँगला चिनी नायिकेची भूमिका मिळाली नाही. ती लुइझ रायनरनं केली आणि ऑस्कर नेलं. आपल्या मुंबईत जन्मलेल्या मर्ल ओबेरॉननं तर आयुष्यभर सांगितलं की माझा जन्म टास्मानियाचा. 'द डार्क एंजल'साठी ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हाही मुंबईचं नाव काढायची सोय नव्हती. सत्य सगळ्यांना कळलं ते तिच्या मृत्यूनंतर. अशा बायकांसाठी कोणत्या कोर्टात जायचं?

मंडळी, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पहिल्या नोकरीत बॉण्डवर सही केली असेल. कोणी रील्स करत असेल, एखादी एजन्सी करार घेऊन आली असेल. सही करण्याआधी दोन गोष्टी बघा. सोडायचा हक्क दोघांना आहे की एकालाच? आणि मुदत मोजायची कशी, ते स्पष्ट लिहिलंय का?

बदलीची बदली म्हणून आलेल्या एका मुलीनं हेच दोन प्रश्न विचारले होते. हा भाग एखाद्या नव्यानं नोकरीला लागणाऱ्या दोस्ताला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!