पेंटरांतील मेस्त्री

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचें मूळ आडनांव मेस्त्री, हें आमच्या सातारा-सांगलीकडील पुष्कळ सुशिक्षितांस ठाऊक नसतें. आडनांव बदललें यांत विशेष तें काय, असें कोणी म्हणेल. परंतु त्या बदलांत एक सूक्ष्म अन्याय घडला आहे, असें आम्हांस वाटतें. कुंचल्याची कीर्ति झाली, रंधा-पटाशीचें ऋण मात्र कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा. वडील कृष्णराव सुतारकामांत, मूर्तिकामांत व हस्तिदंती कोरीव कामांत निष्णात. मुलाचें शालेय शिक्षण बेताचेंच, आणि चित्रकलेचें रीतसर शिक्षण तर मुळींच नाहीं. सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं लाविलेल्या रोपट्याचा तोंवर वृक्ष झाला होता, व नाटकमंडळ्यांस राजवाडे, अरण्यें, रस्ते दाखविणारे पडदे हवे होते. किर्लोस्कर, गंधर्व आदि मंडळ्यांसाठीं ते पडदे बाबूराव व त्यांचे बंधु आनंदराव यांनीं रंगविले. सपाट कापडावर खोली भासविण्याची ही विद्या त्यांस कोठून आली? ज्याच्या घरांत चौकटी जोडल्या जातात त्याच्या डोळ्यास रेषा कोठें मिळतात हें पुस्तकावांचून कळतें, असा आमचा तर्क आहे.

पण त्या हाताची खरी कसोटी पुढेंच लागली. फाळक्यांनीं १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा आणिला. या बंधूंनीं तो कोल्हापुरांतच घडविण्याचें मनांत घेतलें. पेटी करणें सुतारास अवघड नाहीं. अवघड तें आंतलें यंत्र. फीत क्षणभर स्थिर राहावी, तेवढ्यांत तिजवर प्रकाश पडावा, झांकण मिटतांच ती पुढें सरकावी, आणि हें सेकंदास सुमारें सोळा वेळां घडावें! दांता केंसभर चुकला कीं चित्र थरथरतें. १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं काम सोडिलें नाहीं. विष्णुपंत दामल्यांच्या साह्यानें १९१८ सालीं कॅमेरा पुरा झाला. आम्हीं पदवीधर मंडळी प्रकाशशास्त्र तोंडपाठ म्हणूं, पण खिळा ठोकतांना बोटच ठेचतों.

‘सैरंध्री’ (१९२०) पाहून टिळकांनीं त्यांस ‘सिनेमा केसरी’ म्हटलें, हें सर्वश्रुत आहे. आम्हांस अधिक मोल वाटतें तें ‘सावकारी पाशा’चें (१९२५). कथा नारायण हरि आपट्यांची. ते सांगलीजवळ समडोळीस जन्मले व साताऱ्याकडे कोरेगांवीं राहिले. येथें देवादिक नाहींत. कर्जापायीं जमीन गमावून शहराची वाट धरणारा कुणबी आहे. ती भूमिका तरुण शांतारामांनीं केली. अंधाऱ्या झोंपडीबाहेर रडणारें कुत्रें प्रेक्षकांच्या दीर्घकाळ स्मरणांत राहिलें.

१९२९ सालीं दामले, फत्तेलाल, शांतारामादि मंडळींनीं वेगळें होऊन ‘प्रभात’ काढली. १९३६ सालीं बाबूरावांनीं तीच कथा बोलपटांत पुन्हां मांडली, आणि १९५४ सालीं कोल्हापुरांतच ते निवर्तले. मूळ मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाहीं. त्या कुत्र्याचें रडणें आतां केवळ ऐकीव उरलें आहे.