आईबापांचा विमा

सांगली, कोल्हापूर, सोलापूर किंवा बेळगाव येथून नोकरीसाठी बंगळुरास गेलेल्या तरुणाला पहिली एकदोन वर्षे स्थिरस्थावर होण्यातच जातात. पुढे वेतन वाढते, हाती चार पैसे शिल्लक राहू लागतात आणि गावी राहिलेल्या वृद्ध आईबापांची काळजी मनात घर करते. त्यांच्यासाठी काहीतरी करावे या सद्‍भावनेने तो विमा-प्रतिनिधीला विचारतो : आईच्या आणि वडिलांच्या नावे आयुर्विमा उतरवता येईल काय?

प्रश्न मोठा मायेचा आहे. परंतु ज्या शहरात तो विचारला जातो, त्या शहराने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी तो निराळ्या रीतीने सोडवला होता. त्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे प्रश्नाची मांडणीच उलटी करावीशी वाटते.

आयुर्विमा म्हणजे मृत्यूची किंमत नव्हे. एकाच्या मृत्यूने दुसऱ्याचे जे द्रव्यहानीचे संकट ओढवते, त्याची ती भरपाई होय. म्हणून विमा उतरवताना पहिली विचारणा अशी की, कोण गेल्याने कोणाचे अन्न तुटणार? कमावता मुलगा गेला तर म्हाताऱ्या आईबापांचे अन्न तुटते. म्हातारे वडील गेले तर मुलाच्या दुःखाला पारावार राहत नाही, पण बहुधा त्याची चूल बंद पडत नाही. त्यात हिशेबाची बाजूही वयाच्या विरुद्ध जाते. विम्याचा हप्ता मृत्यूच्या संभवावर बसवलेला असतो आणि तो संभव दरसाल वाढत जातो. साठी ओलांडलेल्या माणसाचा विमा कंपनीने घेतलाच, तरी हप्त्यांची बेरीज विम्याच्या रकमेच्या इतकी जवळ जाते की, तेच पैसे पेढीत ठेवलेले बरे असे वाटावे.

दुसऱ्याच्या आयुष्यावर विमा उतरवण्याला आणखी एक काळी बाजू आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडात नामांकित माणसांच्या जगण्या-मरण्यावर विम्याच्या नावाखाली सर्रास पैजा लागत. अखेर १७७४ साली पार्लमेंटने कायदा करून ज्याचा संबंधिताच्या आयुष्यात काही आर्थिक हितसंबंध नाही त्याने उतरवलेला विमा निरर्थक ठरवला. आपल्याकडे तो कायदा लागू नव्हता. पण मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८९८ साली तेच तत्त्व करार कायद्याच्या आधारे सांगितले. एका कारकुनाच्या पत्नीच्या आयुष्यावर पंचवीस हजारांची पॉलिसी काढली गेली होती. थोड्याच दिवसांत ती तिऱ्हाइताच्या नावे करून देण्यात आली आणि लवकरच ती बाई वारली. न्यायालयाने तो सारा व्यवहार पैजेचा, म्हणून अग्राह्य ठरवला. मुलाने आईबापांचा विमा उतरवणे ही अर्थातच पैज नव्हे. तथापि विमा कंपन्या अशा अर्जाकडे सावधपणे का पाहतात, याचे मूळ या जुन्या अनुभवात आहे.

आता बंगळूरकडे वळू. १८८१ साली इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याकडे परत सोपवले. राजधानी म्हैसूर, परंतु कारभाराच्या कचेऱ्या बंगळुरास, अठरा खात्यांवरून जिला ‘अठारा कचेरी’ हे नाव पडले त्या तांबड्या इमारतीत. या संस्थानच्या कारभाराशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी दिवाणपदावर आलेले व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव हे दोघेही तंजावरकडच्या मराठी घराण्यांतले. त्यांच्या आधी १८८३ पासून शेषाद्री अय्यर दिवाण होते, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, महाराज चामराजेंद्र वडियार गादीवर असताना, १८९१ साली संस्थानने आपल्या नोकरांसाठी सरकारी आयुर्विमा सुरू केला.

त्या काळी सरकारी कारकून म्हणजे एका पगारावर उभे असलेले सबंध घर होते. बायको, मुले, विधवा बहीण आणि वृद्ध आईबाप. निवृत्तिवेतन होते ते त्याच्या हयातीपुरते. तो गेला की तेही गेले. (केंद्र सरकारच्या नोकरांसाठी सर्वसाधारण कुटुंब-निवृत्तिवेतनाची योजना येण्यास १९६४ साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे १८९१ ची दूरदृष्टी कळते.) म्हैसूर संस्थानने म्हाताऱ्यांचा विमा उतरवला नाही, तरुण नोकराचा उतरवला, आणि हप्ता त्याच्या पगारातून कापून घेतला. ही सक्ती वरवर कठोर वाटते, पण विम्याचे शास्त्र तिच्या बाजूने आहे. विमा ऐच्छिक ठेवला की ज्याला आपल्या प्रकृतीचा भरवसा नाही तो आधी येतो आणि धट्टाकट्टा मनुष्य पुढच्या वर्षी पाहू म्हणतो. सारेच आले म्हणजे धोका वाटला जातो आणि हप्ता हलका राहतो. एकत्र कुटुंबात एका भावाच्या पश्चात दुसरा भाऊ आईबापांना पाहत असे. तेच काम येथे एका खात्यातील सारे नोकर एकमेकांसाठी करू लागले.

दैवाचा खेळ असा की, ज्या महाराजांच्या अमदानीत ही योजना निघाली ते स्वतः १८९४ च्या डिसेंबरात कलकत्त्यास घटसर्पाने वारले. वय अवघे एकतीस. दहा वर्षांचा मुलगा गादीवर बसला आणि राणी वाणीविलास सन्निधान यांनी १९०२ पर्यंत राज्याचा भार वाहिला.

म्हैसूरच्या आधी असे प्रयत्न झाले नव्हते असे नाही. १८७० साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे म्युच्युअल’ संस्थेने हिंदी माणसाचा विमा युरोपियनांच्याच दराने उतरवण्यास सुरुवात केली. तोवर हिंदी आयुष्याला जादा हप्ता भरावा लागे. टपाल खात्याने १८८४ मध्ये आपल्या नोकरांसाठी विमा काढला.

विमा मुलाचा असला तरी तो गेल्यावर पैसा आईबापांच्या हाती पडतो काय? येथे कायद्याची वाट फार वळणावळणाची आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याने पतीने पत्नी व मुले यांच्यासाठी काढलेल्या पॉलिसीला सावकारांपासून संरक्षण दिले. हिंदूंना तो कायदा लागू आहे की नाही याविषयी उच्च न्यायालयांत मतभेद होते. ते १९२३ च्या दुरुस्तीने मिटले. पण त्यात आईबापांचे नाव नव्हते, आजही नाही. विलायतेतील कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुले. ते माप आपल्या घराला जसेच्या तसे लावले गेले. म्हैसूर संस्थान याही बाबतीत थोडे पुढे होते. तेथील १९३३ च्या हिंदू स्त्रियांच्या हक्कांच्या कायद्याने बापलेकांच्या वाटणीत बापाच्या आईलाही हिस्सा दिला.

१९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरला २४५ देशी-विदेशी विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्थांचा व्यवसाय एका महामंडळात विलीन झाला. सरकारी नोकरांच्या वेतनातील सक्तीच्या कपातीवर चालणाऱ्या योजना मात्र त्या कायद्याने वगळल्या, म्हणून म्हैसूरचे खाते टिकले.

त्याच १९५६ साली हिंदू वारसा कायदाही आला. त्यात आईला पहिल्या वर्गात, विधवा आणि मुलांच्या बरोबरीने स्थान मिळाले. वडील दुसऱ्या वर्गात गेले. मुलाच्या मिळकतीत आईला वाटा आणि वडिलांना, पहिल्या वर्गातले कोणी हयात असेतो, काही नाही! पण पॉलिसीवर नाव पत्नीचे असेल तर? अशाच एका प्रकरणात मृताच्या आईने आणि मुलाने दावा लावला. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्याचे नाव पॉलिसीवर आहे तो रक्कम स्वीकारण्यापुरता अधिकारी, मालकी वारसांचीच. म्हातारीला न्याय मिळाला, पण मुलगा गेल्यावर जवळजवळ सतरा वर्षांनी.

विमा कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि आईबाप प्रथमच ठळकपणे समोर आले. पॉलिसीधारकाने आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले यांना नामनिर्देशित केले असल्यास त्या रकमेवर लाभाचा हक्क त्यांचाच, असे कलमाचे शब्द आहेत. दरम्यान आईबापांचे पोषण हे केवळ पुत्रकर्तव्य उरले नव्हते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने त्यांना पोटगीचा हक्क दिला होता, आणि १९८७ साली महाराष्ट्रातील एका पित्याच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ही जबाबदारी विवाहित, कमावत्या मुलीवरही असल्याचे ठरवले. २००७ मध्ये तर ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा स्वतंत्र कायदा झाला. मुलगा हयात आहे तोवर या कायद्यांचा उपयोग. तो गेल्यावर प्रश्न पुन्हा विम्यापाशीच येतो.

म्हैसूरचे ते खाते आज कर्नाटक सरकारचे विमा खाते म्हणून बंगळुरास चालू आहे. तेथे विमा अजूनही कर्मचाऱ्याच्याच आयुष्याचा उतरतो. सरकारी असो वा खासगी, नोकरीला लागताना तरुण बहुधा अविवाहित असतो. नामनिर्देशनाच्या रकान्यात तो आईचे नाव लिहितो आणि लग्नानंतर ते बदलायचे राहून जाते. कर्नाटकात असेच एक प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. लग्नापूर्वी काढलेल्या पॉलिसींवर नाव आईचे. पुढे लग्न झाले, मूल झाले, आणि तो गृहस्थ वारला. आईने २०१५ च्या दुरुस्तीवर बोट ठेवले, सुनेने वारसा कायद्यावर. २०२५ साली न्यायालयाने निर्णय दिला की, विमा कायद्याचे ते कलम वारसा कायद्याला बाजूला सारत नाही. आई, पत्नी आणि मुलगा यांना प्रत्येकी एकतृतीयांश रक्कम द्यावी. या वाटणीत वडिलांना स्थान नसते.