लाकडावरील रंगाचा इतिहास

आपल्या धर्मग्रामांतील जुन्या घरांत आजा-पणज्यांच्या वेळचे एखादे सागवानी कपाट किंवा पेटारा अद्याप आढळतो. घरात लग्नकार्य निघाले, की त्यावरचा जुनाट रंग खरवडून मूळ लाकूड उजळावे असे घरच्यांना वाटू लागते. ही इच्छा योग्यच आहे. मात्र त्या रंगात काय मिसळलेले असेल, तो काढण्याच्या रीती कशा बदलत गेल्या आणि रंग गेल्यावर लाकडावर काय चढवावे, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊन पाहावे लागते. ते न पाहता खरवडणी हाती घेतली, तर लाकूड उजळेल खरे. पण त्याची किंमत घरातील लेकरांना मोजावी लागेल.

जुन्या तैलरंगाचे मुख्य घटक दोन : अळशीचे तेल आणि सफेदा. हा सफेदा शिशापासून बनत असे. हॉलंडमध्ये रूढ झालेल्या रीतीनुसार मातीच्या भांड्यांत सिरका घालून त्यावर शिशाच्या गुंडाळ्या ठेवीत आणि भोवती घोड्याची लीद रचीत. लिदीच्या उबेने काही आठवड्यांत शिशावर पांढरा थर चढे. तो दळून तेलात घोटला, की दाट, टिकाऊ आणि पाण्याला दाद न देणारा रंग तयार होई. आपल्या परिचयाचा शेंदूर हेही शिशाचेच एक रूप आहे.

या शिशाचे विष जगाला ठाऊक नव्हते, असे नाही. शिशाचे काम करणाऱ्यांचे चेहरे फिकट पडतात, असे रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात लिहून ठेवले. कारागिरांच्या व्याधींवर १७०० साली ग्रंथ लिहिणारे इटालियन वैद्य रामाझिनी यांनी चित्रकारांच्या दुखण्यांचा संबंध त्यांच्या रंगांशी जोडला. तरीही हे दुखणे केवळ कारागिरांचे मानले गेले. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली निराळीच गोष्ट दाखवून दिली. व्हरांड्याच्या कठड्यांचा आणि भिंतींचा रंग उन्हाने भुकटी होऊन मुलांच्या हातांना लागत होता आणि हातांवाटे तोंडात जात होता. दुखणे कारखान्यातून घरात आले होते.

पुढे १९२१ साली जिनिव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने इमारतींच्या आतील रंगकामात सफेद्याच्या वापरास मोठ्या प्रमाणात मनाई करणारा करार संमत केला. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर बंदी घातली ती १९७८ साली. भारतात २०१६ साली नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे असे बंधन आले. याचा अर्थ उघड आहे. त्यापूर्वी रंगविलेल्या कोणत्याही कपाटात शिसे असू शकते, असे धरूनच कामाला हात घालावा.

रंग काढण्याच्या रीतींनाही स्वतःचा इतिहास आहे. जुनी रीत कॉस्टिक सोड्यासारख्या क्षाराची. इंग्लंडमध्ये १९६० नंतर पाइनचे जुने फर्निचर क्षाराच्या हौदात बुडवून उघडे करण्याची टूम निघाली. त्यातील बरेचसे फर्निचर मुळात रंगविण्यासाठीच बनविलेले होते! शिवाय हौदात सरस विरघळून सांधे सैल होत आणि लाकडाचे तंतू उभे राहत. दुसरी रीत ज्योतीची. तीव्र उष्णतेने शिशाची वाफ होते आणि ती श्वासावाटे शरीरात जाते. तिसरी रीत विसाव्या शतकातील मेथिलीन क्लोराइडची. त्याने रंग काही मिनिटांत फुगून सुटतो. परंतु बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसे दगावली आहेत. शरीरात गेल्यावर त्याचे कार्बन मोनॉक्साइड बनते. म्हणून २०१९ साली अमेरिकेत घरगुती ग्राहकांना अशी रंगनाशके विकण्यास बंदी झाली. कोरड्या काचकागदाने घासणे सर्वांत निरुपद्रवी वाटते. पण शिशाची धूळ घरभर पसरते ती त्यानेच.

रंग गेल्यावर लाकडावर काय चढवावे? याचे एक उत्तर आपल्याच भूमीत सापडते. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळ स्रवतात. ती वितळवून, गाळून आणि पातळ पत्र्यासारखी ताणून चपडा लाख तयार होते. गोव्यात राहिलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात लाखेवर स्वतंत्र संवाद लिहिला आहे. पुढे हीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या बोळ्याने थरावर थर देण्याची कला एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरली आणि फ्रेंच पॉलिश या नावाने आपल्याकडे ओळखली जाऊ लागली. माल आपला, नाव मात्र परके!

या पॉलिशला उष्णता व पाणी सोसत नाही. गरम कप ठेवला की पांढरे वर्तुळ उमटते. पण त्याचा एक मोठा गुण असा, की ते स्पिरिटने पुन्हा विरघळते. तीन पिढ्यांनंतरचा सुतारसुद्धा लाकूड न खरवडता ते काढू अथवा दुरुस्त करू शकतो. म्हणून आधी कपाटाच्या मागील कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला, तर ती बहुधा लाखच आहे. तेथे खरवडण्याची गरजच नाही.

रंगच असेल आणि तो घट्ट बसलेला असेल, तर तो तसाच ठेवून वर नवा हात देणे हाही शहाणपणाचा मार्ग होय. काढायचाच झाला, तर काम घराबाहेर करावे, पृष्ठभाग ओला ठेवून घासावा, मुलांना व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे, खरवड गोळा करून बंद पिशवीत भरावी आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. रोजंदारीवर आलेल्या सुताराला व रंगाऱ्यालाही हे सांगणे यजमानाचे कर्तव्य आहे. शिशाची धूळ प्रथम त्याच्याच छातीत जाते, आणि त्याच्या कपड्यांवरून त्याच्या लेकरांपर्यंत पोहोचते.